पर्सनॅलिटी थिअरीज : तेच तेच विचारले जाणारे प्रश्न आणि जरा लांबलेली उत्तरं

मी सायकॉलॉजी शिकवते, त्यामुळे हे प्रश्न वर्गात येतात, पालक विचारतात, एचआरमधले ओळखीचे विचारतात आणि लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले काकासुद्धा विचारतात. म्हणून सगळी उत्तरं एकाच ठिकाणी लिहून ठेवतेय. क्रम असा काही नाही, जो प्रश्न तुमचा तो वाचा.

पर्सनॅलिटी म्हणजे नक्की काय? पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या क्लासमध्ये शिकवतात तेच ना?

नाही हो. त्या क्लासमध्ये उभं कसं राहायचं, हात कसा मिळवायचा, इंग्रजीत चार वाक्यं न अडखळता कशी बोलायची हे शिकवतात, ते शिकायला काहीच हरकत नाही पण सायकॉलॉजीत व्यक्तिमत्त्व म्हणतात ते वेगळं. माणूस कसा विचार करतो, त्याला कशाने काय वाटतं आणि तो कसा वागतो यात एक सातत्य असतं, आज आहे तसं साधारण पुढच्या वर्षीही असतं, ऑफिसात आहे त्याचा थोडा अंश घरीही दिसतो, त्या सातत्याला व्यक्तिमत्त्व म्हणायचं. आज चिडलाय हा मूड झाला, वर्षानुवर्षं चटकन चिडतो हा स्वभाव झाला. त्यामुळे "त्याला काही पर्सनॅलिटीच नाहीये" हे वाक्य शास्त्राच्या दृष्टीने चुकीचं आहे, कोपऱ्यात गप्प बसणाऱ्यालाही ती असते.

मग इतक्या थिअरीज कशाला? त्यातली खरी कुठली ते सांगा की.

परीक्षेच्या आदल्या दिवशी हाच प्रश्न येतो. गंमत अशी की या थिअरीज मांडणारे सगळे मानसशास्त्रज्ञ एकाच प्रश्नाचं उत्तर शोधतच नव्हते. फ्रॉइड दवाखान्यात बसून पेशंटना ऐकत होता, त्याला "हा असा का वागतो, याच्या आत काय दडलंय" हे हवं होतं. स्किनरला आत काय आहे याच्याशी घेणंच नव्हतं, कुठल्या वागण्याला बक्षीस मिळालं आणि कुठल्याला नाही एवढंच तो बघायचा. बांडुरा म्हणाला की पोरं दुसऱ्याला बघूनही शिकतात, १९६१ सालचा त्याचा बोबो नावाच्या फुगवलेल्या बाहुलीचा प्रयोग प्रसिद्धच आहे, मोठ्या माणसाने बाहुलीला बडवलेलं बघितलं की मुलंही तश्शीच बडवायला लागली. रॉजर्स आणि मास्लो यांना आजारी माणसापेक्षा माणूस चांगला कसा फुलतो यात रस होता. (मास्लोचा तो पिरॅमिड, जो प्रत्येक एमबीएच्या स्लाइडवर असतो, तो मास्लोने स्वतः काढलेलाच नाही बरं का, १९४३ च्या त्याच्या लेखात गरजांची उतरंड आहे, त्रिकोण नंतर लोकांनी काढला.) आणि ऑलपोर्ट, कॅटेल, आयझेंक ही मंडळी मोजपट्टी घेऊन बसलेली, माणसामाणसात फरक नेमका कशाकशात असतो ते मोजू म्हणाली.

माझं मत विचाराल तर मोजण्याच्या बाबतीत शेवटच्या गटाने बाजी मारलीय, पण "का" च्या बाबतीत अजून सगळेच चाचपडतायत.

फ्रॉइड तर खोटा ठरला ना, अजून का शिकवता?

अर्धा खोटा ठरला, अर्धा तपासताच येत नाही, आणि थोडासा उरलाय. इदम्, अहम्, पराहम् (इड, इगो, सुपरइगो) ही मनाच्या तीन भागांची त्रयी त्याने १९२३ मध्ये मांडली, पण ती मोजणार कशी? पेशंट हो म्हणाला तर फ्रॉइड बरोबर आणि नाही म्हणाला तर "तो दडपतोय" म्हणून परत फ्रॉइडच बरोबर, अशी थिअरी कधी हरतच नाही आणि शास्त्रात ही वाईट गोष्ट मानतात.

ऑलपोर्टचा एक किस्सा सांगते. १९२० च्या सुमारास हा तरुण अमेरिकन पोरगा व्हिएन्नात फ्रॉइडला भेटायला गेला, फ्रॉइड नुसताच शांत बघत बसला, म्हणून काहीतरी बोलायचं म्हणून याने ट्राममध्ये दिसलेल्या एका लहान मुलाची गोष्ट सांगितली, तो मुलगा घाणीला प्रचंड घाबरत होता आणि शेजारी कडक इस्त्रीची आई. फ्रॉइडने ऐकून घेतलं आणि विचारलं, तो मुलगा तूच का? ऑलपोर्ट चाट पडला. पुढे तो नेहमी सांगायचा की खोलात बुड्या मारण्याआधी समोरचा माणूस सरळ काय सांगतोय ते ऐका जरा. माझी सहानुभूती ऑलपोर्टला आहे.

पण तरी शिकवते, कारण आपल्या डोक्यात बरंच काही आपल्या नकळत चालतं ही गोष्ट आता वेगळ्या पुराव्याने, वेगळ्या रूपात मान्य झालीय. आणि आपल्याकडचा एक धागा लोकांना माहीतच नसतो. कोलकात्यात गिरींद्रशेखर बोस नावाचे डॉक्टर होते, त्यांनी १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली (मनोविश्लेषण म्हणजे फ्रॉइडची पद्धत), फ्रॉइडशी त्यांचा वर्षानुवर्षं पत्रव्यवहार होता आणि ते नुसते होयबा नव्हते, तुमची अमुक कल्पना माझ्या बंगाली पेशंटमध्ये तशी दिसत नाही असं त्यांनी स्वच्छ कळवलं होतं. १९३१ मध्ये फ्रॉइडच्या पंच्याहत्तरीला या संस्थेने हस्तिदंती विष्णूची मूर्ती पाठवली आणि ती त्याने आपल्या टेबलावर ठेवली. त्या टेबलावरच्या मूर्तींच्या गर्दीत आपला विष्णू पण होता, हे सांगितलं की वर्गातली मागची बाकं जागी होतात.

मधलं मूल नेहमी दुर्लक्षित असतं आणि थोरलं जबाबदार, हे खरंय ना?

हे आल्फ्रेड आडलर या मानसशास्त्रज्ञाचं. न्यूनगंड हा शब्द आपण रोज वापरतो ती कल्पनाही त्याचीच देणगी. जन्मक्रमाची कल्पना ऐकायला इतकी पटते की काय सांगू, प्रत्येक घरात एखादं उदाहरण सापडतंच. पण २०१५ मध्ये जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या वीस हजारांहून जास्त लोकांची माहिती घेऊन तपासलं तेव्हा बहिर्मुखता, भावनिक स्थैर्य, सहमतशीलता (म्हणजे मनमिळाऊपणा), कर्तव्यदक्षता यांच्यावर जन्मक्रमाचा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. बुद्धीच्या चाचणीत थोरल्यांचा किंचित वरचा गुण आला, तोही अगदी किंचित. थोरली ताई जबाबदार वाटते कारण आपण तिला कायम धाकट्यांच्या शेजारी उभी करून बघतो, ती वयानेच मोठी आहे, दहा वर्षांची पोरगी सहा वर्षांच्या पोरापेक्षा जबाबदार वागणारच ना.

बिग फाईव्ह म्हणजे काय, जरा नीट सांगा.

सांगते, हे उत्तर सगळ्यात मोठं आहे कारण आज संशोधनात बहुतेक काम यावरच चालतं.

मूळ कल्पना भारी साधी आहे. माणसांमधले जे फरक लोकांना महत्त्वाचे वाटले त्यांना शब्द मिळाले असणार, मग शब्दकोशच उघडा की. इंग्लंडात गाल्टनने १८८४ मध्येच ही वाट धरली होती. अमेरिकेत ऑलपोर्ट आणि ओडबर्ट यांनी १९३६ मध्ये जाडजूड इंग्रजी शब्दकोश पालथा घालून माणसाचं वर्णन करणारे १७,९५३ शब्द काढले, त्यातले साडेचार हजारांच्या आसपास शब्द टिकाऊ स्वभावाचे. कॅटेलने ते आवळत आवळत १६ घटकांवर आणले. मग १९६१ मध्ये अमेरिकन हवाई दलासाठी काम करणाऱ्या ट्यूप्स आणि क्रिस्टल यांना आकडेमोडीत परत परत पाचच गठ्ठे दिसायला लागले, पण त्यांचा रिपोर्ट हवाई दलाच्या कपाटात राहिला आणि बरीच वर्षं फार कुणी बघितला नाही. १९८१ च्या सुमारास गोल्डबर्गने बिग फाईव्ह हे नाव रूढ केलं आणि कोस्टा आणि मॅक्रे या जोडीने त्याची २४० प्रश्नांची मोठी चाचणी बनवली, १९९२ ची आवृत्ती आजही वापरतात.

आता ते पाच. पाठ्यपुस्तकातल्या व्याख्या पाठ करण्यापेक्षा मी पोरांना मराठी विशेषणं लावायला सांगते.

बहिर्मुखता : एका टोकाला बोलघेवडा, गप्पिष्ट, चार माणसांत रमणारा, दुसऱ्या टोकाला घुमा, अबोल, आपल्यातच असणारा.

सहमतशीलता : लाघवी, मनमिळाऊ, मऊ मनाचा इकडे, आणि खवचट, तुसडा, भांडकुदळ तिकडे. या एका गुणाच्या खालच्या टोकासाठी आपल्या भाषेत जितके शब्द आहेत तितके दुसऱ्या कशासाठी नसतील.

कर्तव्यदक्षता : नीटनेटका, चिवट, दिलेल्या वेळेला हजर. उलट टोकाला वेंधळा, धांदरट, आरंभशूर.

भावनिक अस्थैर्य, म्हणजे न्यूरॉटिसिझम : जिवाला घोर लावून घेणारा, हळवा, चटकन बिथरणारा. समोरच्या टोकाला आभाळ कोसळलं तरी "होईल काहीतरी" म्हणत चहा पिणारा.

अनुभवांबद्दलचा मोकळेपणा : नवं खाणं, नवे विचार, कविता, प्रवास, विचित्र प्रश्न यांची ओढ. दुसऱ्या टोकाला "आपलं नेहमीचंच बरं" वाले. यासाठी नेमके मराठी शब्द शोधताना पोरं अडतात, आणि इंग्रजीतही या पाचव्यावरूनच संशोधकांची सगळ्यात जास्त भांडणं झालीयेत, कुणी त्याला बुद्धी म्हणतं कुणी संस्कृती.

आणि आता मुद्द्याचं. हे पाच कप्पे नाहीयेत, या पाच पट्ट्या आहेत. उंची असते तसं समजा, गावातले लोक उंच आणि बुटके अशा दोन रांगांत उभे करता येत नाहीत, बहुतेक जण मधेच कुठेतरी असतात. तुम्ही सहमतशीलतेत ६० टक्के लोकांच्या वर आणि कर्तव्यदक्षतेत ३० टक्क्यांच्या वर, असं उत्तर येतं. स्टेटसला टाकायला ते बोअर आहे हे मान्य.

नंतर अॅश्टन आणि ली यांनी बऱ्याच भाषांतले शब्द तपासून सहावी पट्टी सुचवली, प्रामाणिकपणा आणि नम्रता. मला ती आवडते, कारण माणूस गोड बोलणारा आहे आणि माणूस सरळ आहे या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही.

मी आयएनएफजे आहे. हे किती खरं?

पहिले हे सांगा की परवा परत टेस्ट दिलीत तर तेच येईल का? एमबीटीआय, म्हणजे लोकांना आयएनएफजेसारख्या चार-चार अक्षरांच्या सोळा प्रकारांत टाकणारी टेस्ट, तिची सगळ्यात मोठी अडचण तीच आहे, काही आठवड्यांनी पुन्हा दिली की बऱ्याच लोकांचं निदान एक अक्षर तरी बदलतं, काही अभ्यासांत असं प्रमाण निम्म्याच्या आसपास आलंय. कारण वर सांगितलं तेच. बहुतेक लोक मधे असतात आणि ही टेस्ट मधोमध सुरी फिरवते, ४९ वाला अंतर्मुख आणि ५१ वाला बहिर्मुख, मग झोप नीट झाली नसेल त्या दिवशी तुम्ही इकडचे तिकडे.

टेस्ट बनवणाऱ्या कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इसाबेल मायर्स, दोघींपैकी कुणीही सायकॉलॉजीचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. इसाबेलने तर आधी रहस्यकथा लिहून बक्षीस मिळवलं होतं, हुशार बाई होती यात वादच नाही. युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये मांडलेले प्रकार घेऊन त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रश्नावली बनवायला घेतली, नव्याने कामाला लागणाऱ्या बायकांना आपल्याला कुठलं काम मानवेल हे कळावं म्हणून. हेतू चांगलाच होता. पण खुद्द युंग म्हणायचा की शुद्ध अंतर्मुख किंवा शुद्ध बहिर्मुख असा माणूस नसतोच, असलाच तर वेड्यांच्या इस्पितळात असेल, आणि त्याच्याच नावावर आज जगभर सोळा डबे विकले जातायत.

नेटवर फुकट मिळणारी चार अक्षरांची लोकप्रिय टेस्ट, जिच्या शेवटी डॅश देऊन पाचवं अक्षर येतं, ती तर मूळ एमबीटीआय पण नाही, आत बरीचशी बिग फाईव्हची पट्टी आहे आणि वरून सोळा प्रकारांचं रंगीत वेष्टन.

मित्रांत गप्पा मारायला वापरा, मजा येते. करिअर ठरवायला, नोकरी द्यायला, आणि "माझा टाइपच असा आहे" म्हणून उशिरा यायला वापरू नका.

पण माझं वर्णन तंतोतंत जुळलं हो! अंगावर काटा आला.

बर्ट्राम फोरर नावाच्या प्राध्यापकाने १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांची टेस्ट घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाला त्याचं "खास" व्यक्तिमत्त्व वर्णन दिलं. किती जुळतं ते पाचपैकी मार्क द्या म्हणाला. सरासरी आली ४.२६. मग त्याने सांगितलं की सगळ्यांना एकच कागद दिलाय, आणि त्यातली वाक्यं नाक्यावरच्या भविष्याच्या पुस्तकातून उचललीयेत. "तुम्ही कधी मोकळे असता तर कधी कोषात जाता", "तुमच्यात बरीच क्षमता वापराविना पडून आहे", आता याला नाही कोण म्हणणार?

भविष्याचा विषय निघालाच आहे तर पुण्यातला एक प्रयोग सांगायलाच हवा. २००८ मध्ये डॉ. जयंत नारळीकरांनी काही सहकाऱ्यांना घेऊन आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांच्या मदतीने २०० मुलांच्या कुंडल्या गोळा केल्या, निम्मी मुलं शाळेत अतिशय हुशार आणि निम्मी मतिमंद. प्रत्येक ज्योतिषाला ४० कुंडल्या द्यायच्या आणि कुठली हुशार मुलाची ते त्याने ओळखायचं. २७ ज्योतिषांची उत्तरं आली आणि बरोबर निघाली ४६ टक्के, म्हणजे छापा-काटा केला असता तर निम्मी तरी आली असती. हा प्रयोग स्वभावाबद्दल नव्हता, बुद्धीबद्दल होता, पण दाव्याची परीक्षा घ्यायची कशी याचं इतकं स्वच्छ उदाहरण मराठी माणसाच्या इतक्या जवळ दुसरं नाही. स्वभाव चाचणीलाही हाच न्याय लावायचा. वर्णन मला जुळलं का याला अर्थ नाही, दहा वर्णनांतून माझं मला ओळखता येतं का ते बघा.

मुलाच्या बोटांचे ठसे घेऊन स्वभाव आणि करिअर सांगतात, डीएमआयटी, करू का?

नको. ठशांचा स्वभावाशी, बुद्धीच्या प्रकाराशी किंवा सायन्स-कॉमर्सशी संबंध आहे याला शास्त्रीय आधार नाही. ठसे आईच्या पोटातच ठरतात, त्यावरून जाडजूड रंगीत रिपोर्ट निघतो आणि पालक पैसे मोजतात, कारण रिपोर्ट वाचताना फोररच्या पोरांचं झालं तेच त्यांचं होतं. तेवढ्या पैशात पोराला चार ठिकाणची कामं दाखवून आणा.

आपल्याकडे त्रिगुण होतेच की, पाश्चात्त्यांनी नवीन काय सांगितलं?

हा प्रश्न विचारणाऱ्याला सहसा भांडायचं असतं, मला भांडायचं नाहीये कारण प्रश्न चांगला आहे.

सत्त्व, रज, तम ही मांडणी एमबीटीआयपेक्षा एका बाबतीत सरस आहे. गीतेच्या चौदाव्या अध्यायात सरळ म्हटलंय की तिन्ही गुण प्रत्येकात असतात, कधी सत्त्व बाकीच्या दोघांना दाबून वर येतं, कधी रज, कधी तम. म्हणजे डबे नाहीत, प्रमाण आहे, आणि ते हलतं सुद्धा. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात रजोगुण, तमोगुण आणि सत्त्वगुण यांना एकेक अख्खा समास दिलाय आणि त्याच दशकात मूर्खलक्षणं आणि पढतमूर्खाची लक्षणं पण आहेत. त्या याद्या वाचल्या की निरीक्षण किती बारीक होतं ते कळतं, बऱ्याच ओळी आजच्या प्रश्नावलीत जशाच्या तशा टाकता येतील.

फरक दोन आहेत. एक, त्रिगुणांत चढती पायरी आहे, सत्त्व वर आणि तम खाली, हेतू माणसाला वर न्यायचा आहे. बिग फाईव्हमध्ये बहिर्मुख चांगला आणि अंतर्मुख वाईट असं नसतं. दोन, मोजणं. यादी केली म्हणजे ती लक्षणं खरंच एकत्र राहतात का, दहा वर्षं टिकतात का, त्यावरून पुढचं काही सांगता येतं का हे तपासावं लागतं, आणि ते तपासायची हत्यारं तेव्हा कुणाकडेच नव्हती, ग्रीसमध्येही नव्हती. अलीकडे त्रिगुणांवर प्रश्नावल्या बनवून तसं काम झालंय, व्हायलाच हवं. वात-पित्त-कफाचा मूळ विषय शरीराच्या प्रकृतीचा आहे, त्यावरून "मी पित्ताची, म्हणून ओरडते" हे जरा जास्तच होतं.

इन्ट्रोव्हर्ट म्हणजे लाजाळू ना?

नाही. लाजाळू माणसाला लोकांत जायचं असतं पण भीती वाटते. अंतर्मुख माणसाला भीती वाटतेच असं नाही, त्याला पुरे झालेलं असतं. आयझेंकचं म्हणणं होतं की अंतर्मुखांचा मेंदू मुळातच जास्त जागा असतो, म्हणून बाहेरचा गोंगाट लवकर जास्त होतो. त्याचा लिंबाचा प्रयोग गमतीचा आहे, जिभेवर लिंबाच्या रसाचे चार थेंब टाकायचे, अंतर्मुखांना लाळ जास्त सुटते म्हणे. (आयझेंकचं स्वभावमापनावरचं काम टिकलं, पण स्वभाव आणि कॅन्सर यांचं नातं जोडणारे त्याचे बरेच पेपर लंडनच्या किंग्ज कॉलेजने २०१९ मध्ये भरवसा ठेवण्यासारखे नाहीत असं जाहीर केलं. मोठं नाव म्हणून सगळंच खरं मानू नये.)

स्वभाव जन्मजात की संस्कारांचा?

जुळ्यांच्या अभ्यासांतून साधारण असं दिसतं की माणसामाणसातल्या स्वभावाच्या फरकांपैकी ४० ते ५० टक्के जनुकांशी जोडता येतात. याचा अर्थ "तुझा राग अर्धा आजोबांचा" असा नाही हां, हा आकडा एका माणसाचा नसून लोकांमधल्या फरकांचा आहे. आयांना न आवडणारी गोष्ट पुढे आहे, एकाच घरात वाढल्याने दोन भावंडांचे स्वभाव सारखे होतात याचा पुरावा फारच थोडा आहे. उरलेला वाटा प्रत्येकाच्या वेगळ्या अनुभवांचा, मित्रांचा, आजारपणांचा, नशिबाचा आणि चाचणीतल्या चुकांचा. त्यामुळे शेजारणीने "संस्कार कमी पडले" म्हटलं तर शांतपणे चहा पाजून पाठवा.

स्वभावाला औषध नाही म्हणतात, म्हणजे बदलतच नाही का?

बदलतो, पण हळू. विशीपासून चाळिशीपर्यंत सर्वसाधारण लोक जास्त जबाबदार होतात, भावनिकदृष्ट्या जरा स्थिर होतात, पुढे मवाळही होतात. २००६ मध्ये बऱ्याच दीर्घ अभ्यासांची एकत्र छाननी झाली त्यात हे ठळक दिसलं. कॉलेजात ज्याने एकही असाइनमेंट वेळेत दिली नाही तो आज हप्ते तारखेला भरतोय, असे लोक तुमच्याही बॅचमध्ये असतील.

आणि औषधाचं म्हणाल तर २०१७ मध्ये २०७ अभ्यासांचा असाच आढावा घेतला, त्यात थेरपी आणि तत्सम उपचारांनंतर काही महिन्यांत भावनिक स्थैर्य मोजता येण्याइतकं वाढलेलं दिसलं, बहिर्मुखतेत पण थोडा फरक पडला. म्हणजे अगदीच औषध नाही असं नाही. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही हेही तितकंच खरं, वर्गातला सगळ्यात बडबड्या पोरगा सत्तरीत मौनी बाबा होण्याची शक्यता कमीच, इतरांच्या तुलनेत आपली जागा बऱ्यापैकी तीच राहते.

माणूस घरात वाघ आणि बाहेर शेळी असतो, मग त्याचा खरा स्वभाव कुठला?

वॉल्टर मिशेलने १९६८ मध्ये नेमका हाच बॉम्ब टाकला. चाचणीतला स्वभाव आणि एखाद्या प्रसंगातलं प्रत्यक्ष वागणं यांचा संबंध (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे तंतोतंत) ०.३ च्या वर क्वचितच जातो म्हणाला, आणि पुढची वीसेक वर्षं सगळे यावरून भांडत होते. निष्पन्न काय झालं, तर एका प्रसंगावरून स्वभाव कळत नाही पण शंभर प्रसंगांची सरासरी घेतली तर चांगला कळतो. मिशेलने स्वतः पुढे जे सांगितलं ते मला सगळ्यात उपयोगी वाटतं, माणसाचं सातत्य "जर-तर" मध्ये असतं. जर साहेब ओरडला तर गप्प, जर बायकोने विचारलं तर भडका, आणि हे दर वेळी असंच. मग वाघ खरा की शेळी खरी हा वाद उरत नाही, कुठल्या जागी काय होतं त्याचा साचा हाच त्याचा स्वभाव.

तो मार्शमेलोवाला पण हाच मिशेल. नंतर दोन मिळतील म्हणून समोरची गोळी लगेच न खाता थांबलेलं मूल पुढे यशस्वी होतं, हे व्हॉट्सअॅपवर अजून फिरतंय, पण २०१८ मध्ये नऊशेच्या आसपास मुलांवर बघितलं तर घरची परिस्थिती हिशोबात धरल्यावर परिणाम बराच विरघळला.

एसएसबीला, म्हणजे सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या निवडीला, चित्रं दाखवून गोष्टी लिहायला लावतात, त्याची तयारी करता येते का?

ती टीएटी, म्हणजे चित्र बघून गोष्ट रचायची चाचणी, हार्वर्डमध्ये मॉर्गन आणि मरे यांनी १९३५ च्या सुमारास बनवलेली. एसएसबीत धूसर चित्रं ३० सेकंद दाखवतात, चार मिनिटांत गोष्ट लिहायची, बारावी पाटी कोरी. मग ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद, मग अर्ध्या तासात ६० प्रसंग. अशा चाचण्यांचा अर्थ लावताना तपासनीसागणिक फरक पडू शकतो ही टीका जुनी आहे आणि योग्य आहे, पण तिथे एकट्या गोष्टीवर निकाल नसतो, पाच दिवस ग्राउंडवर आणि मुलाखतीतही तुम्हाला बघत असतात आणि ते सगळं ताडून बघतात. क्लासमधल्या पाठ केलेल्या गोष्टी, प्रत्येक चित्रात नायक गावात विहीर खणतो वगैरे, लगेच ओळखू येतात. वेगाने आणि सरळ लिहायचा सराव करा, तेवढा पुरतो.

कंपनीने पर्सनॅलिटी टेस्ट घेतली, नोकरी गेली तर?

कामाशी सगळ्यात सातत्याने जोडली जाते ती कर्तव्यदक्षता, १९९१ च्या बॅरिक आणि माउंट यांच्या आढाव्यापासून हे दिसतंय, पण संबंध माफकच आहे. त्यामुळे नुसत्या टेस्टवर माणूस नाकारणारी कंपनी स्वतःचंच नुकसान करते.

माझा नवरा नार्सिसिस्ट आहे, टेस्ट कुठली देऊ?

रीलवरून निदान नको. आत्मकेंद्री असणं आणि व्यक्तिमत्त्व विकार असणं यात खूप अंतर आहे. डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या अमेरिकन यादीत असे दहा विकार आहेत, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या यादीने तर बहुतेक वेगवेगळी नावं काढून टाकून विकार किती तीव्र आहे आणि कुठल्या गुणांत आहे एवढंच बघायचं ठरवलंय, म्हणजे तिथेही डबे जाऊन पट्ट्या आल्या. निदान सायकिअॅट्रिस्ट किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात. आणि घरात त्रास होत असेल तर मदत घ्यायला त्याच्या निदानाची वाट बघू नका, १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीतही बोलतात.

हे सगळं अमेरिकन कॉलेजच्या पोरांवरचं, आपल्याला लागू होतं का?

शंका रास्त आहे. पाच पट्ट्या बऱ्याच देशांत सापडल्यात, भारतातही चाचण्या वापरतात. पण २०१३ मध्ये बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांत, शिकार आणि थोडीफार शेती करून राहणाऱ्या, ६३२ जणांची माहिती घेतली तेव्हा पाच निघालेच नाहीत, दोनच ठळक दिसले, लोकांशी नीट वागणं आणि कष्टाळूपणा. ज्या गावात पन्नास वेगवेगळे व्यवसायच नाहीत तिथे स्वभावाच्या इतक्या तऱ्हा सुट्या पडत नसतील असा एक तर्क आहे. तेव्हा पाच हा आकडा दगडावरची रेघ समजू नका. मराठीत चाचणी देताना भाषांतर कुणी केलंय आणि तुलना कुणाशी होतेय हे विचारा, इंग्रजी प्रश्नावली गुगलने मराठी केलेली असेल तर सोडून द्या.

लग्न जमवताना दोघांच्या पर्सनॅलिटी टेस्ट जुळवाव्या का? पत्रिकेपेक्षा तरी बरं ना?

हा प्रश्न हल्ली मुलींचे बाबा विचारतात, आणि पत्रिकेच्या जागी चार अक्षरी सोळा डबे आले तर आपण फार पुढे गेलो असं मला वाटत नाही. स्वभाव सारखे असले की संसार सुखाचा याला पुरावा कमजोर आहे. २०२० मध्ये ४३ अभ्यासांतली ११,१९६ जोडप्यांची माहिती एकत्र करून बघितली की समाधान कशावरून सांगता येतं, तर प्रत्येकाच्या स्वभावाच्या आकड्यांपेक्षा नात्यातल्या गोष्टींनी जास्त सांगितलं, म्हणजे जोडीदार मनापासून टिकवायला बघतोय असं वाटतं का, कौतुक होतं का, भांडण किती होतं. या गोष्टी दोघं भेटायच्या आधी मोजताच येत नाहीत. तेव्हा बाबांना सांगते, दोघांना भरपूर भेटू द्या, एखाद्या दिवशी दोघं दमलेले, भुकेले असताना पण भेटू द्या, आणि वेटरने चुकीची ऑर्डर आणली तर कोण कसं बोलतं ते त्यांचं त्यांना बघू द्या.